तिसरी घंटा कुणाच्या शब्दावर, ते आधी ठरवा

तुमच्या हौशी संस्थेच्या मागच्या प्रयोगात पडदा वीस मिनिटं उशिरा उघडला, दुसऱ्या प्रवेशाआधीच्या काळोखात दार उघडून प्रेक्षक आत आले आणि ऐन वेळी नटाच्या हाती चिठ्ठीच नव्हती. आता कोथरूडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात दोन अंकी नाटक आहे, तर दारावर आणि विंगेत माणसं वाढवावीत का, असा तुमचा प्रश्न आहे.

वाढवू नका. दारावरच्याला आत काय चाललंय ते ठाऊक नसतं आणि विंगेतल्याला बाहेर किती गर्दी आहे ते दिसत नाही. पडदा आणि दार, दोन्ही घोटाळे यातूनच झालेत. रंगमंच व्यवस्थापक एकच नेमा आणि घंटा, पडदा, ब्लॅकआउट फक्त त्याच्या शब्दावर होऊ द्या. रंगीत तालीम संपली की दिग्दर्शकानेही त्याचंच ऐकायचं. प्रयोग चालू असताना विंगेत येऊन सूचना देणारा दिग्दर्शक नटांना गोंधळात टाकतो, हे मी फार वेळा पाहिलंय. त्याने प्रेक्षागृहात बसावं, टिपणं काढावीत.

बाहेरही एकच प्रमुख हवा. दुसऱ्या घंटेनंतर त्याने आत कळवायचं: किती लोक अजून तिकीट खिडकीशी आहेत, किती पार्किंगमध्ये अडकलेत. मग व्यवस्थापक ठरवेल, पाच मिनिटं थांबायचं की नाही. त्याहून जास्त थांबू नये असं मला ठामपणे वाटतं. वेळेवर आलेल्याला उशिरा येणाऱ्यासाठी ताटकळत ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. शिवाय पालिकेच्या नाट्यगृहांत सत्रं ठरलेली असतात, तुमचा सेट उतरण्याची वाट बघत पुढच्या नाटकाचा टेम्पो मागे उभा असतो.

दाराचं नीट समजून घ्या. फॉयरमधले, म्हणजे दाराबाहेरच्या दालनातले, दिवे लख्ख असतात. दार वीतभर उघडलं तरी उजेडाचा पट्टा थेट मधल्या रांगांवर पडतो, कधी रंगमंचापर्यंत जातो. प्रवेशबदलात लोकांना आत घ्यावं असं सगळ्यांना वाटतं, पण तीच सर्वांत वाईट वेळ. अंधारात पायऱ्या दिसत नाहीत, आणि पुण्यात दुपारच्या प्रयोगाला ज्येष्ठ प्रेक्षक भरपूर असतात. संहितेत दोन-तीन जागा आधीच हेरून ठेवा, जिथे रंगमंच उजळलेला आहे आणि प्रसंग थोडा सैल आहे. त्या जागांची मिनिटं कागदावर लिहून प्रत्येक दारावर चिकटवा. मधल्या वेळात आलेल्यांना नम्रपणे बाहेरच थांबवायचं. बॅटरीचा झोत कायम जमिनीकडे. एकाच खुर्चीची दोन तिकिटं निघाली तर वाद रांगेत घालू नका. कडेच्या चार खुर्च्या राखीव ठेवा, आधी बसवा, खुर्च्यांचा प्लॅन नंतर तपासा.

फोनबद्दलची सूचना तिसऱ्या घंटेआधी नटाच्याच आवाजात द्या, लोक जास्त ऐकतात. 2019 मध्ये नाशिकला फोन वाजत राहिले म्हणून अभिनेते सुमीत राघवन यांनी प्रयोग थांबवला होता, त्यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. हौशी नटावर ती पाळी येऊ नये.

आता चिठ्ठी. प्रॉपर्टीच्या टेबलावर पांढरा कागद पसरा. प्रत्येक वस्तू त्यावर ठेवून मार्करने कडा आखा आणि आत नाव लिहा: ‘चिठ्ठी, अंक 1, डावी विंग’. कंदील उचलला की त्याचा रिकामा गोल दिसतो. प्रवेशाआधी एका नजरेत कळतं काय जागेवर नाही. वस्तू नटाने स्वतः न्यायची आणि स्वतःच परत ठेवायची. कागदाच्या वस्तूची दुसरी प्रत समोरच्या विंगेत हवीच, कारण चिठ्ठी बहुतेक वेळा आधीच्या कोटाच्या खिशात राहून कपडेपटात गेलेली असते.

काळोखातल्या बदलाची तालीम काळोखातच करा. लेव्हलच्या, म्हणजे रंगमंचावरच्या चौथऱ्यांच्या, कडांना आणि फर्निचरच्या पायांच्या जागांना चमकणारी टेप लावा, विंगेत निळा मंद दिवा ठेवा. सामान हलवणाऱ्यांनी आधीचा थोडा वेळ उजेडाकडे बघायचं नाही, डोळे सरावलेले राहतात. भरत नाट्य मंदिरात ‘पुरुषोत्तम’ ही महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा केलेली मुलं या कामात तयार असतात. तुमच्याकडे असं कुणी असेल तर हे काम त्याच्याकडेच सोपवा.

दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारा डिमर आणि ध्वनी विजेच्या एकाच फेजवर घेऊ नका, स्पीकरमधून घूं ऐकू येते. दिवे चालवायचा लाइट कन्सोल आणि संगीताचा लॅपटॉप यूपीएसवर टाका. वीज क्षणभर जाऊन आली तरी कन्सोल पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो आणि तेवढा वेळ नट अंधारात उभा असतो. नाटकाची संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र बाहेरच्या प्रमुखाच्या फाइलमध्ये असू दे. आपत्कालीन दारापाशी नेपथ्याचे फ्लॅट किंवा ट्रंका टेकवायला कुणालाही परवानगी देऊ नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.

मध्यंतराकडे हौशी संस्थांचं सहसा लक्ष नसतं. दहा मिनिटांची वीस होतात ती वड्याच्या आणि महिलांच्या स्वच्छतागृहाच्या रांगेत. पहिला अंक कधी संपणार ते कॅंटीनवाल्याला दुपारीच सांगा, म्हणजे घाणा वेळेवर निघेल. सातव्या मिनिटाला घंटा द्या आणि बाहेरच्या प्रमुखाने त्या रांगेत अजून किती जणी आहेत ते बघून आत कळवू दे. कळवण्यासाठी साधा वॉकीटॉकी घ्या. नाट्यगृहात मोबाइलची रेंज भरवशाची नसते आणि ध्वनीच्या मिक्सरजवळ फोन ठेवला की त्याची खरखर आवाजात मिसळते.

कोथरूडला जमलं तर आदल्या दिवशी दोन्ही प्रमुखांना रिकाम्या नाट्यगृहात घेऊन जा. एकाने दार उघडायचं, दुसऱ्याने रंगमंचावर उभं राहून उजेड कुठवर येतो ते बघायचं. त्या दाराला आतून काळा पडदा लावायची परवानगी तिथल्या कार्यालयात तेव्हाच मागा.