सोन्याला एसी लागत नाही (अमळनेरच्या लॉकर इमारतीबद्दल)

भाऊ, तुम्ही विचारलंय की अमळनेरला लॉकरची इमारत बांधायची आहे, स्ट्राँगरूम (लॉकर ठेवायची भक्कम खोली) तळघरात, भिंती आरसीसीच्या आणि आर्किटेक्टने चोवीस तास एसी सुचवलाय. यात वीज वाचवणारी इमारत बसते का? बसते. पण आधी त्यांना एवढं विचारा, एसी नेमका कोणासाठी?

सोन्याला एसी लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला म्हणून बिस्किटाचं काही बिघडत नाही. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी, आणि दमट हवेत लवकर. जपावी लागतात ती खरेदीखतं, जुने जरीचे शालू, मोती, आणि हल्ली लोक हार्डडिस्कही ठेवतात. त्यांचा वैरी म्हणजे पावसाळ्यातली ओल. तेव्हा आत डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, घ्या, आर्द्रता पन्नाशीच्या आसपास ठेवा. थंडावा हवा तो पहारेकऱ्याच्या केबिनला, काउंटरला आणि सीसीटीव्हीच्या रॅकला. तिथे छोटे इन्व्हर्टर एसी पुरतात.

आता भिंत. नुसती जाड आरसीसी म्हणजे गारवा, हा गैरसमज आहे. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री आत ओकतं. ऊन त्या भिंतीपर्यंत पोचूच द्यायचं नाही. देवळाच्या गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणामार्ग असतो तशी रचना करा: मध्ये स्ट्राँगरूम, भोवती गस्तीचा बोळ, त्याच्या बाहेर दुसरी भिंत. सुरक्षेसाठी हा बोळ असलेला बराच, कारण भिंतीला बाहेरून कोणी छिद्र पाडायला लागला तर ते दिसलं पाहिजे. उन्हासाठीही तोच उपयोगी पडतो. एका खर्चात दोन कामं. बाहेरची भिंत फ्लाय अ‍ॅश, म्हणजे कोळशाच्या राखेच्या, विटांची करा. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र असल्याने राख आपल्या दारातच आहे. काँक्रीटलाही पीपीसी सिमेंट चालतं, त्यात राख ३५ टक्क्यांपर्यंत असते. फक्त ते ताकद सावकाश धरतं. आपल्या उन्हात पाणी मारायला १४ दिवस द्या आणि एप्रिल-मेच्या भर दुपारी ओतकाम करू नका. ठेकेदार चौथ्या दिवशी गोणपाटं काढायला बघेल, काढू देऊ नका.

डेन्मार्कमध्ये वस्तुसंग्रहालयांची काही कोठारं अशी बांधली आहेत: इमारत हवाबंद, भिंती आणि छताला भरपूर इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर), जमिनीला मुद्दाम काहीच नाही, आणि यंत्र फक्त ओल काढायला. जमीनच तापमान सांभाळते. आपल्याकडे काही मीटर खालची जमीन वर्षाच्या सरासरीजवळ, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर असते. मे महिन्यात तेवढं पुष्कळ झालं. फरशीखाली ओल अडवणारा जाड प्लास्टिक कागद मात्र हवाच.

मग तळघरच का नको? काळ्या मातीमुळे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तळघराच्या भिंतींना दोन्ही ऋतूंत छळते. मुरूम किंवा खडक वर लागला तरच तळघराचा विचार करा. नाहीतर जोतं उंच घ्या.

सगळ्यात जास्त ऊन छतावर. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत मातीचा जाड थर उगाच नसायचा. तुम्ही स्लॅबवर इन्सुलेशन, त्यावर पांढरी चायना मोझॅक (चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी), आणि वर उंच सांगाड्यावर सोलर पॅनल लावा. वीजही होते, सावलीही पडते. बॅटऱ्या स्ट्राँगरूमपासून लांब, वेगळ्या खोलीत.

इथे सुरक्षा आणि निसर्ग यांचं भांडण लागतं. भिंतीलगतचं झाड, पावसाच्या पाण्याचा उभा पाइप, सोलरची शिडी, हे सगळं चोराला वर चढवणारं. झाडं पश्चिमेला लावा, पण कंपाउंडच्या आत भिंतीपासून लांब. पाइप बोळाच्या आतून उतरवा. हवेचं भोक सहा इंचांहून मोठं नको, त्यात वळण द्या आणि गज टाका. पण चुकून कोणी आत कोंडला गेला तर श्वासापुरती आणीबाणीची झडप ठेवाच. यावर काटकसर केलेली मी खपवून घेत नाही.

आगीसाठी पाण्याचे फवारे नकोत, कागदपत्रं जातील. आग विझवायचा एचएफसी (फ्लोरिन असलेला) गॅसही नको, तो वातावरणाला कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट घातक. नायट्रोजन-आरगॉनची यंत्रणा घ्या. सिलिंडरला जागा जास्त लागते, आणि गॅस सुटायच्या आधी माणसं बाहेर पडतील असा भोंगा व अवधी हवा. खोली हवाबंद असेल तरच तो गॅस टिकतो, आणि हवाबंद खोलीत डीह्युमिडिफायरही कमी चालतो.

शेवटचं, पण तातडीचं: स्ट्राँगरूमचं दार आयएस १११८८ या भारतीय मानकाचं मागा, कोटेशनमध्ये हा आकडा नीट वाचा. त्याची चौकट भिंत ओततानाच बसते, म्हणून सळई बांधायच्या आधी दाराची ऑर्डर गेलेली असू द्या.