पाणी कोण भरणार?

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले आणि तिसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेतली. एकवीस वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज तपासल्याने जडलेली ही खोड आहे. अडीच पानांत ‘मी’ एकतीस वेळा आला आहे, ‘शांतता’ सहा वेळा, चुलीवरची भाकरी तीन वेळा, आणि तुझ्या पत्नीचा उल्लेख एकदाच, तोही अर्ध्या वाक्यात: ‘तीही हळूहळू तयार होईल.’ नोकरी सोडून गावी यावे की नाही, असे तू विचारले आहेस. त्याचे उत्तर मी आज देणार नाही, कारण तुझ्या पत्राने मला त्याहून जुना प्रश्न आठवला आणि तो सुटल्याशिवाय तुझा प्रश्न हाती घेण्यात अर्थ नाही. पाणी कोण भरणार?

मे महिन्यात तू इथे आठ दिवस राहिलास. ओटीवर झोपलास, आंबे खाल्लेस, चुलीचे आणि काकूच्या हातातल्या फुंकणीचे फोटो काढलेस, आणि ‘काका, तुम्ही खरे सुखी आहात’ असे निघताना म्हणालास. मी तेव्हा गप्प बसलो, ती चूक आता दुरुस्त करतो. तू जे पाहिलेस ते अर्ध्या अश्वशक्तीच्या पंपाने आणि गॅसच्या दोन सिलिंडरांनी उभे केलेले आमचे म्हातारपण होते. चूल आमच्याकडे एरवी आंघोळीच्या पाण्यापुरतीच पेटते. तुझ्यासाठी काकूने ती स्वयंपाकाला पेटवली, कारण पुण्याच्या मुलांना ते आवडते हे तिला ठाऊक आहे, आणि त्या आठ दिवसांत तिचा खोकला वाढला हे तुला ठाऊक नाही.

मी १९९१ साली मुंबईची नोकरी सोडून गावी आलो तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो. तू आज जे लिहितोस ते सगळे मी तेव्हा बोलत असे, आणि जरा अधिक चांगल्या भाषेत बोलत असे. गरजा कमी कराव्यात, यंत्राने माणूस आळशी होतो, घरच्या विहिरीचे पाणी हाताने शेंदलेलेच गोड लागते. तुझ्या काकूला मी न विचारता आणले असे कोणी म्हटले तर ते खोटे आहे. मी विचारले होते. मात्र ‘गावी जाऊ या ना?’ असे विचारले होते. ‘पाणी कोण भरणार?’ असे विचारले नव्हते.

आमची विहीर बत्तीस फूट खोल आहे. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो हे तू भूगोलात शिकला असशील. पण जांभ्याची जमीन ते पाणी धरून ठेवत नाही, ते उतारावरून खाडीला जाते आणि एप्रिल उजाडला की विहिरीचा तळ दिसू लागतो. घर, न्हाणी, गोठ्यातली दोन जनावरे आणि परसातली रोपे यांना मिळून दिवसाला चाळीस कळश्या लागत. कळशी दहा लिटरांची. मी पंप बसवू दिला नाही तो नऊ वर्षे, म्हणजे दिवसाला चारशे लिटर या हिशेबाने तेरा लाख लिटरांहून अधिक पाणी रहाटावरून वर आले. हा हिशेब मी कधी केला ते विचारू नकोस. त्यातल्या माझ्या वाट्याला सकाळच्या आंघोळीच्या दोन बादल्या होत्या, आणि त्या शेंदताना कोणी पाहुणा ओटीवर असला तर मला बरेच वाटे.

दोन हजार सालच्या मे महिन्यात काकू शेवाळावरून घसरली आणि तिचे मनगट मोडले. पाणी माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी मला मौज वाटली, दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले, तिसऱ्या दिवशी मी जनावरांना पाणी कमी दाखवले, आणि चौथ्या दिवशी सकाळच्या एसटीने तालुक्याला जाऊन पंपाची किंमत विचारून आलो. नऊ वर्षांचे तत्त्वज्ञान चौथ्या दिवशी संपले. काकू प्लास्टरातला हात मांडीवर ठेवून एवढेच म्हणाली, ‘दोर नवा आणला होता, तो वाया जाणार.’ तिच्या बोलण्यात टोमणा होता की नाही, हे मला आजवर कळलेले नाही.

एवढ्यावर मी शहाणा व्हायला हवे होते. पण पंपाच्या बाबतीत हरलो म्हणून चुलीच्या बाबतीत अधिकच हटून बसलो. लाकूडफाटा घरचा, पातेरा घरचा, मग गॅस कशाला? पुढे सहा वर्षांनी डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि मला बाजूला घेऊन विचारले, ‘काकू विडी ओढतात का?’ मी रागावलो. त्यांनी शांतपणे पुढचा प्रश्न केला, ‘मग चुलीपुढे किती वर्षे?’ त्या आठवड्यात गॅस आला. ज्या धुराला मी घराची ऊब म्हणत होतो तो तिच्या फुप्फुसात जमा होत होता, आणि मी ओटीवर बसून साधेपणावर बोलत होतो. मी बोलत असे चांगले, हे मात्र कबूल करावे लागेल. तुझ्या वडिलांना विचार.

जुन्या बायकांना कष्टांचे काही वाटत नसे, असे तू लिहिले आहेस. हे वाक्य वाचून मी पेन्सिल खाली ठेवली आणि अंगणात फेऱ्या घातल्या. माझी आई पहाटे चारला उठून नाचणी दळत असे. भात घिरटावर भरडणे आणि मुसळाने कांडणे हे त्याखेरीज. जात्यावरच्या ओव्या गोड असतात, यात शंका नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या थोड्या तरी सवडीने ऐक. माहेरची ओढ, सासरचा जाच आणि बाईच्या जन्माचे गाऱ्हाणे किती भरले आहे ते कळेल. गिरणी आमच्यापासून तीन मैलांवर आली तेव्हा आई डोक्यावर दळण घेऊन ते अंतर चालून जाई आणि हसत परत येई. महिनाभरात तिने जाते पडवीच्या कोपऱ्यात सरकवले, आणि त्यावर कोंबड्यांचा डालगा ठेवला. ओव्या बंद पडल्या म्हणून हळहळलेले सगळे पुरुष होते. मीही त्यांत होतो. तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि पहाटेच्या झोपेत तो आवाज मला आवडत असे.

स्वयंपूर्ण खेड्याचेही तसेच. कोकणाला मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणत, ते उगाच नव्हे. घरटी एक पुरुष परळ-लालबागच्या गिरणीत, बाकीचे घर गावात. लावणी, कवळतोड, भाजावळ, म्हातारी माणसे आणि पोरे हे सगळे बाईच्या अंगावर, आणि चहासाखरेला पोस्टमनची वाट. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आमच्या वाडीत पोस्टमनचे येणे कसे थांबले ते मी सुट्टीवर आलो असताना पाहिले आहे. ज्या शांत, साध्या गावाचे तू वर्णन करतोस ते मुंबईतल्या खानावळीत जेवणाऱ्या आणि एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसांच्या पगारावर चालत होते. गावात मात्र ते कोणी बोलून दाखवत नसे, आणि गणपतीला आलेल्या चाकरमान्याला आम्ही शहरी झाला म्हणून हसत असू.

आणखी एक गोष्ट लिहितो, ती लिहिताना हात जड होतो. आमच्या घराची विहीर, जिच्या पाण्याची तू स्तुती केलीस, तिच्यावर माझ्या लहानपणी खालच्या वाडीतल्या बायकांना दोर लावता येत नसे. त्या हंडे मांडून बाजूला उभ्या राहत आणि आमच्यातले कोणी रिकामे झाले की वरून त्यात पाणी ओतत. कधी तासाभराने, कधी ऊन चढल्यावर. याच कोकणात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते, आणि त्यानंतर तीस वर्षांनीही आमच्या परसात हे चालू होते. म्हणून ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ते खेड्याला संकुचितपणाचे डबके आणि अज्ञानाचे घर म्हणाले, तेव्हा त्यांना खेडे कळले नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. गांधीजींचे खेड्यावरचे प्रेम मला आजही प्रिय आहे, तरुणपणी मी त्यावरच वाढलो. पण गांधीजी आपले संडास स्वतः साफ करत होते. मी त्यांच्याकडून चरखा घेतला आणि झाडू सोडून दिला. पाणी कोण भरणार, हे त्यांनी आधी ठरवले होते.

आता तू म्हणशील की काका शहराची वकिली करू लागले. मुळीच नाही. तुझ्या हिंजवडीच्या सोयीलाही मी हाच प्रश्न विचारीन. दहा मिनिटांत दारात येणारी कोथिंबीर कोणी पळवत आणली? बाराव्या मजल्यावरच्या तुझ्या नळाला उन्हाळ्यात जो टँकर लागतो तो कोणाच्या विहिरीवर भरतो? तिथेही कोणीतरी रहाट ओढतेच आहे, फक्त तुझ्या ओटीवरून ते दिसत नाही. तू थकला आहेस ते खरे, आणि ती नोकरी माणसाला पिळून काढते हेही मला तुझ्या डोळ्यांखाली दिसले. पण थकलेल्या माणसाला जे हवे असते ती विश्रांती, आणि विश्रांतीला तू साधे जीवन म्हणू लागला आहेस. गावातले साधे जीवन हे कामाचे जीवन आहे. ते करणाऱ्याला ते साधे कधीच वाटलेले नाही.

मी इथे आल्याचा मला पश्चात्ताप आहे असे समजू नकोस. तो नाही. पावसाआधी कौले परतायची वेळ आली की न बोलावता चार माणसे छपरावर चढतात, आणि मीही त्यांच्या छपरांवर सत्तरीपर्यंत चढलो. टीव्ही आमच्या घरात आजही नाही आणि माझ्या हयातीत येणार नाही. मुलगी गावच्या शाळेत शिकली आणि तिचे काही बिघडले नाही. लग्न ठरवताना पाहुण्यांना तिने पहिला प्रश्न ‘घरात नळ आहे का?’ असा केला, तो भाग सोडून दे. ओल्या खोबऱ्याची चटणी मी आजही पाट्यावर वाटतो. पाट्याला टाकी लावणारा मिळत नाही म्हणून छिन्नी घेऊन मीच तो टोचून घेतो, आणि चटणी झाल्यावर पाटा-वरवंटा धुऊन उभा करून ठेवण्यापर्यंतचे काम माझे आहे. काकू म्हणते, मिक्सरची चटणी अशीच लागते. मला तसे वाटत नाही. पण वाटणारा मी आहे, म्हणून असा हट्ट धरायचा हक्क मला आहे. नऊ वर्षे रहाटाच्या बाबतीत तो नव्हता. एवढा फरक तुझ्या ध्यानात आला तर माझे पत्र सार्थकी लागले.

तेव्हा नोकरी सोडण्याचा अर्ज सध्या खिशात ठेव. येत्या मे महिन्यात दोघे या, आणि आंबे पाहायला नको, विहिरीचा तळ दिसतो त्या शेवटच्या आठवड्यात या. पंपाची वायर मी काढून ठेवीन. रहाट अजून चालतो. चाळीस कळश्या आता लागत नाहीत, पंचवीस पुरतात. त्या तू भरायच्या आहेस, सगळ्या, आठही दिवस. तुझी बायको ओटीवर बसेल. चौथ्या दिवसानंतर नोकरीविषयी बोलू, आणि त्या बोलण्यात ती असेल.

काकू शेजारून सांगते आहे की मिक्सरच्या मोठ्या भांड्याची रबरी कडी सैल झाली आहे आणि तालुक्याला मिळत नाही. जुनी कडी सोबत पाकिटात घातली आहे. तिच्या मापाच्या दोन घेऊन ये.

तुझा,
काका