जपानी कायद्यांतील आणि सरकारी कागदपत्रांतील औपचारिक विशेषणे कशी शिकावीत?

जपानी भाषाप्रावीण्य परीक्षेची एन-२ ही पातळी उत्तीर्ण झाल्यावरही जपानी करार आणि सरकारी परिपत्रके वाचताना विशेषणांपाशी अडायला होते, तेव्हा त्यांच्या याद्या पाठ कराव्यात का, असे आपण विचारले आहे. मी जपानी करारांचे अनुवाद करते आणि माझे स्पष्ट मत आहे की, सुट्या याद्यांत वेळ घालवू नये. विशेषण ज्या कलमात येते ते कलमच संपूर्ण वाचावे, कारण त्याचा कायदेशीर अर्थ शेजारच्या नामावरून आणि पुढे सांगितलेल्या परिणामावरून ठरतो.

'सोओतोओ' हा शब्द घ्या. बोलण्यात तो 'बराच', 'पुष्कळ' अशा अर्थाने येतो. परंतु नागरी संहितेच्या कलम ५४१ मधील 'सोओतोओ नो किकान' म्हणजे वाजवी मुदत. एका पक्षाने करारातील जबाबदारी पार पाडली नाही, तर दुसऱ्याने अशी मुदत देऊन पूर्ततेची मागणी करायची आणि त्या मुदतीतही पूर्तता झाली नाही, तर त्याला करार रद्द करता येतो. एप्रिल २०२० मध्ये लागू झालेल्या सुधारणेने याच कलमाला परंतुक जोडले: मुदत संपतेवेळी राहिलेली कसूर 'केएबि', म्हणजे किरकोळ असेल, तर करार रद्द करता येत नाही. करार टिकणार की मोडणार, हे तेथे या एका विशेषणावर अवलंबून असते.

श्रम करार कायद्याच्या कलम १६ मध्ये 'सोओतोओ' पुन्हा भेटतो, पण 'उचित' या अर्थाने. बडतर्फीला वस्तुनिष्ठदृष्ट्या 'गोओरितेकि ना', म्हणजे सयुक्तिक कारण नसेल आणि समाजमान्य संकेतांनुसार ती उचित ठरत नसेल, तर तो हक्काचा गैरवापर मानून बडतर्फी रद्दबातल ठरते. हे वाक्य मात्र अवश्य तोंडपाठ करा. दोन महत्त्वाची विशेषणे त्यात आपापल्या जागी बसलेली सापडतात.

'झेन्इ नो' याबाबत विशेष सावध राहावे. व्यवहारात 'झेन्इ' म्हणजे सद्भावना. कायद्यात मात्र 'झेन्इ नो दाइसान्शा' म्हणजे वस्तुस्थिती ठाऊक नसलेला त्रयस्थ, मग त्याचा हेतू चांगला असो वा नसो.

'इचिजिरुशिइ' (लक्षणीय) बहुधा 'इचिजिरुशिकु' या क्रियाविशेषण रूपात, तर 'यामु ओ एनाइ' (अपरिहार्य) कारण किंवा परिस्थिती दाखवणाऱ्या नामाआधी आढळते.

जपान सरकारच्या 'ई-गव्ह' संकेतस्थळावर कायद्यांची मूळ संहिता विनामूल्य शोधता येते आणि विधी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अनेक कायद्यांचे इंग्रजी अनुवाद मूळ पाठासह मिळतात. एकेक विशेषण तेथे शोधून त्याची कलमे वहीत उतरवा. सुरुवात श्रम करार कायद्यापासून करा, कारण तो आटोपशीर आहे.