उत्तर आलं नाही, आता पुन्हा मेल कसा करू?

माझ्याकडे नोकरी-व्यवसायातल्या ताणासाठी येणाऱ्यांपैकी बरेच जण कधी ना कधी हा प्रश्न विचारतात. काम पाठवलं, कोटेशन पाठवलं, मुलाखत दिली आणि समोरून काहीच नाही. पुन्हा लिहावं तर मागे लागल्यासारखं दिसेल, न लिहावं तर काम अडतं. प्रश्न मेलचा असतो, पण झोप त्यापायीच उडालेली असते.

इथे जिच्याबद्दल सांगते आहे, तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ती कंपन्यांसाठी माहितीपुस्तिका तयार करून द्यायची, एकटीच. एका जुन्या ग्राहकाला तिने अंतिम मजकूर मंजुरीसाठी पाठवला आणि आठवडा उलटला तरी उत्तर नाही. मग रात्री स्वतःचाच पाठवलेला मेल उघडून पुन्हा पुन्हा वाचणं सुरू झालं. दर जास्त सांगितला का? मागच्या मीटिंगमध्ये काही लागेल असं बोलले का? "मॅडम, त्यांना काम आवडलेलं नाही, हे नक्की," ती म्हणाली.

"कशावरून?"

"उत्तर नाही ना आलं."

पुराव्याशिवाय दुसऱ्याच्या मनातलं ओळखल्याची खात्री बाळगणं, ही आम्हा समुपदेशकांच्या रोजच्या ओळखीची विचारचूक. त्यावर मी व्याख्यान दिलं नाही. तिला तिचाच इनबॉक्स उघडायला सांगितला आणि विचारलं, "तुम्ही कोणाकोणाला उत्तर दिलेलं नाही?" ती जरा ओशाळली. एका मेलमध्ये आकडे शोधून द्यायचे होते, म्हणून तो मागे पडला होता. एक प्रवासात वाचला आणि विसरली. तिसऱ्यात नेमकं काय हवंय तेच कळत नव्हतं. राग एकावरही नव्हता. ती स्क्रीनकडे बघत बसली. मी गप्प राहिले, कारण तिचं गणित तिचं तीच मांडत होती.

मग तिने लिहून ठेवलेला, पण न पाठवलेला मेल दाखवला: "आदरणीय सर, आपण अत्यंत व्यस्त आहात याची कल्पना आहे. आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व. माझ्या आधीच्या मेलवर सवडीने नजर टाकलीत तर उपकार होतील. तसदीबद्दल पुन्हा एकदा क्षमस्व."

क्षमा दोनदा, उपकार एकदा, आणि मागणी कुठेच नाही. हा मेल नम्र वाटतो खरा, पण वाचणाऱ्याला आधीचा मेल शोधायला लावतो, तो पुन्हा वाचायला लावतो आणि काय करायचं हेही त्यालाच ठरवायला लावतो. माझ्या मते समोरच्याचे कष्ट वाचवणं हीच कामाच्या पत्रातली खरी नम्रता. आम्ही बसून तो असा केला:

विषय: माहितीपुस्तिकेचा मजकूर, मंजुरी २० तारखेपर्यंत हवी

"नमस्कार सर, १२ तारखेला पाठवलेला अंतिम मजकूर सोयीसाठी पुन्हा जोडते आहे. पान ४ वरच्या दोन परिच्छेदांना आपली मंजुरी हवी आहे. २० तारखेपर्यंत कळवलंत तर ठरल्याप्रमाणे महिनाअखेरीस छपाईला देता येईल. बदल असतील तर नुसते पान क्रमांक कळवले तरी चालेल, मी फोन करून समजून घेईन."

जुन्याच मेलला उत्तर म्हणून तो पाठवला, म्हणजे आधीचा पत्रव्यवहार खाली आपोआप दिसतो. "जेंटल रिमाइंडर" एवढाच विषय लिहिणं मला पटत नाही. त्यातून कशाची आठवण, हे कळतच नाही.

तिचं दुसरं टोक मला नंतर कळलं. फार दिवस गप्प राहिल्यावर ती एकदम फटकन लिहायची, "माझ्या मेलला अद्याप उत्तर मिळालेलं नाही," आणि सीसीमध्ये थेट साहेबांचे साहेब! तिच्या मते ते निव्वळ माहितीचं वाक्य होतं. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांच्या २००५ मधल्या अभ्यासात हेच दिसलं होतं: आपला सूर मेलमधून नीट पोहोचतो असं लिहिणाऱ्याला वाटतं, प्रत्यक्षात तो त्याच्या समजुतीपेक्षा बराच कमी पोहोचतो. वरिष्ठांना सीसी करण्याआधी एक फोन करावा. बरेचदा तेवढ्यावर भागतं.

रात्रीच्या चाळ्यासाठी वेगळा उपाय लागला. मेल पाठवतानाच पुढच्या आठवणीची तारीख कॅलेंडरमध्ये टाकायची. साध्या कामाला तीन-चार कामाचे दिवस, मोठ्या निर्णयाला आठवडा किंवा जास्त. तोवर तो विषय कॅलेंडरच्या ताब्यात. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं की अपुरं काम पुरं न करताही, ते कधी-कसं करायचं हे नेमकं ठरवलं तरी त्याचे मनात घुसणारे विचार कमी होतात. तिला आठवडाभरात फरक जाणवला. रात्री लिहिलाच मेल, तर तो सकाळच्या वेळेला शेड्यूल करायचा आणि सकाळी एकदा वाचून मगच जाऊ द्यायचा.

त्या ग्राहकाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, एका ओळीचं. मजकूर त्यांच्या कायदा विभागात अडकला होता. सगळ्यांच्या बाबतीत असं घडलं नाही. एका नव्या कंपनीने दोन आठवणींनंतरही काही कळवलं नाही. तेव्हा तिसरा मेल शेवटचा ठेवला: "या महिन्यात आपला निर्णय होणार नसेल असं समजून ही वेळ दुसऱ्या कामाला देते आहे. पुढे गरज लागली तर जरूर कळवा." नकार देणं अवघड जाणाऱ्यालाही यातून सुटका मिळते. त्यालाही उत्तर आलं नाही, आणि तिने खरोखरच दुसरं काम घेतलं.

थकलेल्या बिलाला मात्र हा मऊपणा लागू नाही. मुदत उलटली असेल तर बिल क्रमांक, रक्कम, देय तारीख लिहून सरळ विचारायचं, "पैसे कोणत्या तारखेला जमा होतील?" तिथे क्षमस्व लिहायचं काही कारणच नाही.

अलीकडे ती प्रत्येक मसुदा मला आधी दाखवू लागली होती. ते मी थांबवलं. माझा होकार मिळेपर्यंत मेल अडवून धरणं म्हणजे जुनीच काळजी नव्या वाटेने आली. आता ती मेल पाठवते आणि त्याचं काय झालं ते पुढच्या भेटीत सांगते, आठवलं तर.