आजीला आधी कळलं होतं

ताई,

आम्ही नवी मुंबईत सीवूड्सला राहतो. मुलगा दहावीत, सीबीएसईला. मागच्या महिन्यात त्याच्या दप्तरात हायलायटरसारखं काहीतरी सापडलं. उघडून पाहिलं तर स्ट्रॉबेरीचा वास. व्हेप होतं ते, म्हणजे ई-सिगारेट. त्याच दिवशी मी फोन काढून घेतला, क्लास सोडून बाहेर जाणं बंद केलं. पुढचे चार दिवस तो पिसाळल्यासारखा वागला. बहिणीच्या अंगावर ओरडला, धड जेवला नाही, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा. आता वरवर शांत आहे, पण माझ्याशी बोलत नाही. मी त्याला खराब झालेल्या फुप्फुसांचे फोटो दाखवले, व्हिडिओ दाखवले, समुपदेशकांकडे नेलं. तिथे तासभर मान खाली घालून बसला.

माझं माहेर ठाण्याच्या नौपाड्यातलं. घरात सुपारीचं खांडसुद्धा कोणी खाल्लेलं नाही. सासर करावे गावातलं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात सासऱ्यांना साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला, आमचा टॉवर त्यावरच उभा आहे, सासूबाई मात्र गावातल्या जुन्या घरीच राहतात. हा दर रविवारी तिकडे जातो. तिथली भाषा, तिथलं वातावरण मला पहिल्यापासून पटत नाही. शाळेत कोणी विचारलं तर 'सीवूड्स' एवढंच सांगायचं, हे मी त्याला लहानपणीच शिकवलंय. सासूबाई स्वतः मशेरी लावतात. त्यांना तर हे प्रकरण दीड महिना आधीपासून माहीत होतं, यानेच सांगितलं म्हणे. आणि त्यांनी उपदेश काय केला? 'माजी नाय सुटली, तुजी तरी सुटूं दे.' आता बोला!

मिस्टर म्हणतात, बोर्डाचं वर्ष आहे, फार ताणू नकोस. दहावी होईपर्यंत रविवारचं गावात जाणं बंद करायचं मी ठरवलंय. अकरावीला बाहेरगावी हॉस्टेल. लघवी तपासायचे किट ऑनलाइन मिळतात, तेही मागवलेत. अजून काय करू?

— एक आई, नेरूळ

* * *

किट आधी परत पाठवा. ते गांजा, अफू असल्या गोष्टींसाठी असतात. निकोटिन त्यांतल्या बहुतेकांत दिसतच नाही, त्याला कोटिनिनची (शरीरात निकोटिनचं जे बनतं त्याची) वेगळी पट्टी लागते. आणि तशी पट्टी मिळाली तरी मागवू नका. पंधरा वर्षांच्या मुलाला आईच्या हातात लघवीची बाटली द्यावी लागली, तर त्यानंतर तो त्या आईला काय सांगेल?

सांगण्याबद्दलच मला बोलायचं आहे, कारण तुमच्या मुलाने सांगितलं होतं. पकडला जाण्याच्या दीड महिना आधी, कोणी दटावलेलं नसताना, आपल्या पायांनी जाऊन सांगितलं होतं. तुम्ही ही गोष्ट सासूबाईंवरच्या आरोपपत्रात एका ओळीत उरकलीत आणि हॉस्टेलकडे वळलात. मी मात्र तिथेच थांबले.

त्यांचं उत्तर पुन्हा वाचा. 'माजी नाय सुटली, तुजी तरी सुटूं दे.' जो मजेत ओढतोय त्याला कोणी असं म्हणत नाही. हे उत्तर 'आजी, सुटत नाही गं' या वाक्याला आहे. म्हणजे तुम्हाला तो हायलायटर सापडण्याच्या कितीतरी आधी तुमच्या मुलाने व्हेप सोडून बघितलं होतं, त्याला जमलं नव्हतं, तो घाबरला होता आणि मदत मागायला गेला होता. तुम्ही ज्याला बिघडलेला मुलगा म्हणून समुपदेशकांच्या खुर्चीत बसवलंत, तो सोडायच्या खटपटीत असलेला मुलगा होता. तिथे तो गप्प का बसला, याचं मला तरी आश्चर्य वाटत नाही. जे त्याने मनापासून एकदा सांगितलं होतं, तेच आता गुन्हा म्हणून कबूल करायचं होतं.

तो आजीकडेच का गेला? तुम्ही म्हणता, त्या स्वतः मशेरी लावतात, त्या काय सांगणार. अहो, म्हणूनच गेला! तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, सकाळी उठल्याबरोबर दातांना लावायची; ती मिळाली नाही तर डोकं धरतं, पोट साफ होत नाही, कशात लक्ष लागत नाही. आजीचं हे सगळं त्याने लहानपणापासून पाहिलंय. त्याच्या ओळखीत 'मला सोडायचंय आणि सुटत नाही' हे वाक्य समजणारं एकच माणूस होतं. नौपाड्यातल्या ज्या घरात सुपारीचं खांडही कोणी खाल्लं नाही, त्या घरात हे वाक्य ऐकायला कोण होतं? तुमच्या माहेरच्या निर्व्यसनीपणाबद्दल मला आदर आहे. पण तुम्ही तो मुलासमोर पायपुसण्यासारखा अंथरता आणि त्याला आधी पाय पुसून मग आत यायला सांगता.

त्या चार दिवसांबद्दलही बोलू. चिडचिड, झोप न लागणं, बहिणीवर ओरडणं. तुम्हाला तो उर्मटपणा वाटला. निकोटिन एकदम तुटलं की नेमकं हेच होतं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत वाईट जातात, पुढे तीन-चार आठवड्यांत हळूहळू ओसरतं. हे व्हेप म्हणजे नुसती सुगंधी वाफ नसते. त्यावर पाच टक्के लिहिलेलं असलं तर एका मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम निकोटिन झालं. शिवाय ते क्षाराच्या (निकोटिन सॉल्टच्या) रूपात असतं, त्यामुळे घशाला लागत नाही आणि किती ओढलं ते कळत नाही. सिगारेटच्या पहिल्या झुरक्याला ठसका लागून काही मुलं तरी मागे फिरायची. स्ट्रॉबेरीला ठसका लागत नाही. या वयात मेंदूचा आवर घालणारा भाग अजून घडत असतो, म्हणून सवय मोठ्या माणसापेक्षा लवकर जडते. तुमच्या मुलाने ते चार दिवस फोनशिवाय, मित्रांशिवाय, घरातल्या कोणापुढे त्याचं नावही घेता न येता काढले. आता वरवर शांत आहे याचे दोन अर्थ होतात. एक तर तो त्यातून पार पडत आला आहे, नाहीतर दुसरं व्हेप मिळालं आहे. यातलं कोणतं खरं ते तुम्हाला तो सांगणार नाही. करावे गावात ते कळेल.

आणि तोच रस्ता तुम्ही बंद करायला निघाला आहात.

रागवा हवं तर, पण 'सीवूड्स एवढंच सांगायचं' हे तुम्ही ज्या सहजतेने लिहिलंय, त्याने मला तुमची चीड आली. आपण जिथले आहोत ते लोकांसमोर झाकायचं, एका दारात एक बोली आणि दुसऱ्या दारात दुसरी, आणि यातलं काही वर्गात कळू द्यायचं नाही, ही तालीम तुम्ही या मुलाला पहिलीपासून दिलीत. दप्तरात व्हेप लपवायला त्याला वेगळं शिकावं लागलं नाही. ज्या मुलाला आपलं अर्धं घर लपवावं लागतं तो चारचौघांत सामावायला फार धडपडतो, आणि आज शाळेच्या मागच्या गल्लीत सामावून जाण्याचं सगळ्यात सोपं तिकीट त्या हायलायटरच्या आकाराचं आहे. सगळा दोष तुमच्या त्या एका शब्दाला देत नाही. वय असतं, मित्र असतात, इन्स्टाग्रामवर घरपोच देणारे असतात. पण यातलं तुमच्या हातात काय आहे, ते तुम्हीच बघा.

ज्या वातावरणाचं तुम्हाला वावडं आहे, त्यानेच तुमच्या डोक्यावर छप्पर घातलं आहे. साडेबारा टक्क्यांचा प्लॉट सिडकोने प्रेमाने दिलेला नाही. १९८४ च्या जानेवारीत प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे उरण-पनवेल-बेलापूर पट्ट्यातली आगरी-कोळी माणसं रस्त्यावर उतरली, जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच जण गेले, तेव्हा कुठे विकसित जमिनीच्या हक्काची गोष्ट पुढे सरकली. तुमच्या सासूबाई तेव्हा ऐन उमेदीत असतील. त्यांनी काय पाहिलं हे तुम्ही त्यांना कधी विचारलंत? तुमच्या मुलाने विचारलं असेल, असं मला त्या रविवारांवरून वाटतं.

सासूबाईंनी दीड महिना तुम्हाला सांगितलं नाही, याचा राग मी समजू शकते. पण त्यांनी सांगायचं कोणाला? तुम्हाला? त्यांनी तोंड उघडलं असतं तर 'तुमच्यामुळेच' हे वाक्य तुमच्या ओठांवर तयार होतं. आत्तासुद्धा आहे.

बाकीचं भराभर सांगते. हॉस्टेल नको. तिथे हे सगळं मिळतं आणि करावे गाव नसतं. फुप्फुसांचे फोटो बस झाले. पोलिसांची धास्ती नको. २०१९ च्या कायद्याने देशात ई-सिगारेट बनवणं, विकणं, आयात करणं, साठवणं बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखूचा पदार्थ देणाऱ्याला तर बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गुन्हेगार तो आहे, तुमचा मुलगा नाही. त्याला ते कुठून मिळालं हे मात्र आज विचारू नका. मित्रांची नावं काढून घ्यायला बसलात तर पुन्हा तोंड मिटेल. 'फक्त निकोटिनच ना रे? त्यात दुसरं काही नव्हतं ना?' एवढंच त्याला एकदा विचारायला हवं, आणि तेही तुम्ही नाही, आजीने. गांज्याचं तेल वगैरे निघालं, किंवा तो रात्र-रात्र झोपत नसला, जगण्याला कंटाळल्यासारखं बोलला, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्री-अपरात्रीही चालतो.

आता काम. येत्या शनिवारी करावे गावात तुम्ही जा. एकट्या. त्याला बरोबर नेऊ नका, जातेय हे सांगूही नका. सासूबाईंसमोर बसा आणि म्हणा, 'आई, तो तुमच्याशी बोलला, माझ्याशी बोलला नाही. बरं झालं तुम्ही होतात.' माहेरची शुद्ध भाषा जराशी अडखळली तर अडखळू द्या. मग त्या काय सांगतात ते ऐका, मध्ये बोलू नका. त्या रडल्या तर पाणी द्या. आणि मग त्यांच्याकडे एक मागणं मागा. मशेरी सोडायचं.

हो, त्यांनी. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो. 'माझी नाही सुटली' हे त्या जितक्या सहज म्हणतात तितक्या सहज मी ते सोडून देणार नाही. पण त्यांच्या आरोग्यासाठी म्हणून सांगाल तर त्या हसतील, इतकी वर्षं हसल्याच असतील. नातवाचं नाव घ्या. त्याला एकट्याला सोडवत नाहीये, तुम्ही बरोबर असाल तर सोडेल, असं सांगा. नाही म्हणाल्या तर पुढच्या शनिवारी पुन्हा जा.

रविवारी तो नेहमीसारखा गावात जाऊ दे. निघताना दारात फक्त एवढंच म्हणा, 'आजीला सांगितलंस ते बरं केलंस.' तो चपापून बघेल. पुढे काही बोलू नका, चेहऱ्यावरही काही आणू नका. मिस्टरांना ताणायचं नाहीये ना? मग त्यांना सकाळीच दिवाळे गावच्या बंदरावर मासळी आणायला पाठवा, दुपारी सगळे गावातच जेवा.

तिथे त्या दोघांनी मिळून तंबाखू सोडण्याच्या राष्ट्रीय क्विटलाइनला फोन करायचा. नंबर १८०० ११ २३५६, पैसे पडत नाहीत, तंबाखूच्या पुड्यावरच छापलेला असतो. सासूबाईंच्या घरात तो पुडा आत्ताही असेल. पलीकडचा माणूस कधीपासून, दिवसातून किती वेळा, सकाळी उठल्यावर किती वेळाने, असं सगळं विचारतो, सोडायची तारीख ठरवून घेतो आणि नंतर स्वतःहून फोन करून विचारपूस करतो. आधी आजीने बोलायचं, मग नातवाने. तुम्ही त्या वेळी स्वयंपाकघरात. कान देऊन उभ्या राहाल हे मला माहीत आहे, म्हणून नळ सोडून भांडी घासा.

आणि शनिवारी रात्रीच त्याचा फोन त्याला परत द्या. क्विटलाइनचे पुढचे फोन त्याच्या नंबरवर यायला हवेत, तुमच्या नाही.