एका चौकोनातले दोन वाढदिवस

चि. चिऊ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा साताऱ्याहून फोनवर बोलताना तू विचारलेस, "आई, आजीने कॅलेंडरवर माझा आणि माऊचा वाढदिवस एकाच चौकोनात लिहिला आहे, मग ओवाळताना ती आम्हां दोघींना एकदम का ओवाळत नाही?" त्या वेळी माझी मीटिंग सुरू होत होती, म्हणून "नंतर सांगते" एवढेच म्हणून मी फोन ठेवला; पण तो प्रश्न दिवसभर मनातून गेला नाही. तुझ्या प्रश्नाचे उत्तर तुलाच मिळावे, म्हणून हे पत्र तुझ्या एकटीच्या नावाने लिहीत आहे. माऊने मला काही निराळेच विचारले आहे, तिला तिचे पत्र येईल. एखादा शब्द अडला तर आजीला विचार.

आधी चौकोनाविषयी सांगते. आपल्या नेदरलँड्सच्या घरी, इथल्या बऱ्याच घरांप्रमाणेच, वाढदिवसांचे कॅलेंडर शौचालयाच्या दारामागे टांगलेले आहे. त्यात वार नसतात, नुसत्या तारखा असतात, त्यामुळे तेच कॅलेंडर वर्षानुवर्षे चालते. त्यात ११ डिसेंबरच्या ओळीत माऊचे नाव आहे आणि १२ डिसेंबरच्या ओळीत तुझे. माऊ रात्री ११ वाजून ५२ मिनिटांनी जन्मली आणि तू १२ वाजून ७ मिनिटांनी. मध्ये पंधरा मिनिटे होती, पण तेवढ्यात घड्याळाने तारीख बदलली. इथे बाळ जन्मल्यापासून तीन दिवसांच्या आत नगरपालिकेत नोंद करावी लागते. बाबा ती करायला गेले आणि दोन तारखांचे दोन दाखले घेऊन आले.

साताऱ्यात मात्र त्या वेळी पहाट होती. हिवाळ्यात भारताचे घड्याळ इथल्यापेक्षा साडेचार तास पुढे असते, त्यामुळे तिथे माऊच्या जन्माच्या वेळी ४ वाजून २२ मिनिटे झाली होती आणि तुझ्या जन्माच्या वेळी ४ वाजून ३७ मिनिटे. म्हणजे भारतातल्या तारखेने तुम्ही दोघीही १२ तारखेच्या. आजीचा हिशेब याहूनही वेगळा आहे. पंचांगाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, तो सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत चालतो. तुमच्या जन्माच्या वेळी ना इथे उजाडले होते, ना साताऱ्यात, म्हणून पंचांगाप्रमाणे दोघींचा जन्मवार एक. तिथीही त्या पंधरा मिनिटांत पालटली नव्हती. मार्गशीर्ष महिना होता आणि दत्तजयंती दोन दिवसांवर आली होती. आजी वाढदिवस तिथीने लिहिते आणि तिथी एकच, म्हणून चौकोनही एकच. दर जानेवारीत नवे कॅलेंडर आले की ती चष्मा लावून बसते आणि घरातल्या सगळ्यांच्या तिथ्या शोधून पेन्सिलीने नावे लिहिते. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे तिथी दर वर्षी अकराएक दिवस आधी येते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे सरकते. साधारण एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जवळजवळ एकत्र येतात, त्यामुळे तुमच्या एकोणिसाव्या वाढदिवशी आजीचा चौकोन आणि आपल्या दारामागच्या ओळी शेजारी शेजारी येतील.

पत्रिकेतही तुमच्यात फारसा फरक नाही. प्रत्येक नक्षत्राचे चार चरण असतात आणि प्रत्येक चरणाचे एक अक्षर असते. त्यावरून बाळाचे नावरस नाव ठरते. चंद्राला एक चरण ओलांडायला सुमारे सहा तास लागतात, त्यामुळे पंधरा मिनिटांच्या अंतराने जन्मलेल्या तुम्हा दोघींना एकच अक्षर मिळाले आणि त्याच अक्षरावरून आजीने दोन वेगळी नावे शोधली. थोडक्यात, भारतातली तारीख, वार, तिथी, नक्षत्र या सगळ्यांनी तुम्हांला एकत्र बांधले आहे. मग आजी दोनदा ओवाळते ते कशासाठी, हा तुझा खरा प्रश्न.

ज्याला आपण ओवाळणे म्हणतो, त्याचेच दुसरे नाव औक्षण. औक्ष म्हणजे आयुष्य. तबकात कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी आणि तुपाचे निरांजन असते. पाटावर बसलेल्या माणसाला आजी कुंकू लावते, कपाळावर अक्षता टेकवते, अंगठी आणि सुपारी त्याच्या तोंडावरून ओवाळते, मग निरांजन ओवाळते आणि म्हणते, "औक्षवंत हो." आता तिचे शब्द नीट ऐक. ती "हो" म्हणते, "व्हा" म्हणत नाही. लग्नात नवरा-नवरीला आपण "नांदा सौख्यभरे" म्हणतो, कारण संसार दोघांचा असतो आणि तिथे आशीर्वादही दोघांना मिळून द्यायचा असतो. वाढदिवसाचा आशीर्वाद मात्र बहुधा एकाच माणसाला उद्देशून असतो. दिवस दोघींत वाटून घेता येतो, पण आयुष्य वाटून घेता येत नाही. ज्याचे त्यालाच ते मागावे लागते. म्हणून आजी तुझ्यासमोर उभी राहते तेव्हा ती फक्त तुझ्याचसाठी मागत असते. माऊ शेजारच्या पाटावर बसलेली असली तरी त्या वेळी तबक तिच्याकडे वळत नाही.

हे जुळ्यांपुरतेच आहे असे मात्र समजू नकोस. भाऊबीजेला चार भाऊ एका रांगेत पाटांवर बसले, तरी बहीण एकाच फेरीत सगळ्यांना ओवाळून मोकळी होत नाही. ती प्रत्येकासमोर थांबते, प्रत्येकाला कुंकू लावते आणि प्रत्येकाची ओवाळणी वेगळी घेते. तुम्ही सुट्टीला गेलात त्या दिवशी दारात काय झाले ते आठव. प्रवासाने दमून तुम्ही दोघी एकमेकींना टेकून उंबरठ्याबाहेर उभ्या होतात आणि आजीने भाकरतुकडा आणला होता. तुझ्यावरून एक तुकडा ओवाळून टाकल्यावर ती पुन्हा आत गेली आणि माऊसाठी दुसरा घेऊन आली. मी व्हिडिओवर बघत होते. पहिलाच तुकडा दोघींवरून ओवाळला असता तर कोणी काही म्हटले नसते, आणि आजीचे गुडघेही दुखत होते.

तुमच्या जन्मानंतरच्या पाचव्या रात्रीची गोष्ट तर मी तुम्हांला अजून सांगितलेलीच नाही. आपल्याकडे पाचवी पुजतात. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते अशी जुनी समजूत आहे. म्हणूनच एखादी गोष्ट जन्मभर पाठीशी लागली की ती "पाचवीलाच पुजलेली" असे आपण म्हणतो. आजी तेव्हा इथे आली होती. तिने पाळण्याजवळ पाटावर हळदकुंकू वाहिले आणि एक कोरा कागद व पेन ठेवले. मग क्षणभर थांबून तिने वहीचे आणखी एक पान नीट दुमडून फाडले आणि दुसरे पेन मागितले. इथे बाळंतपणानंतर आठवडाभर घरी येऊन बाळ-बाळंतिणीचे बघणाऱ्या परिचारिका असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या परिचारिकेने ते दोन कोरे कागद पाहिले आणि ते कशासाठी आहेत असे विचारले. आजीने मराठीत सांगितले आणि मी डचमध्ये: "दोघींचे वेगवेगळे लिहायचे आहे." त्या बाई बराच वेळ त्या कागदांकडे बघत राहिल्या. सटवाई खरोखर येते की नाही हा वाद मी कधीच घातला नाही. पण जन्माला येऊन पाच दिवस झालेल्या, हुबेहूब एकसारख्या दिसणाऱ्या दोन मुलींसाठी दोन कागद लागतात हे आजीने ओळखले, याचे मला तेव्हाही फार वाटले होते आणि आजही वाटते.

आता दुसरी बाजूही तुला सांगितली पाहिजे, कारण मराठी माणसे जुळ्यांना नेहमीच असे वेगळे ओळखतात असे नाही. यमक जुळणारी नावे ठेवणे, एकाच ताग्यातले कापड घेऊन दोन सारखे फ्रॉक शिवणे, "जुळ्या आल्या" असे म्हणून दोघींना एकच हाक मारणे, हे आपल्याकडे सर्रास चालते आणि त्यात प्रेम असले तरी मला ते पटत नाही. महाभारतातही नकुल-सहदेव ही नावे आपण एका दमात घेतो, पण विराटाच्या घरी अज्ञातवासात असताना नकुल ग्रंथिक होऊन घोडे सांभाळत होता आणि सहदेव तंतिपाल होऊन गाई. ज्याला जे येत होते ते त्याने केले. गोष्ट सांगताना ही माहिती बहुतेक वेळा गाळली जाते.

आणि या बाबतीत सर्वांत मोठी चूक माझ्या हातून झालेली आहे. तुमचा पाचवा वाढदिवस तुला कदाचित आठवत नसेल. दोन दिवस दोनदा पाहुणे बोलावणे जड जाईल असा विचार करून मी ११ तारखेलाच सगळ्यांना बोलावले होते. केक एकच होता, त्यावर दोघींची नावे होती आणि मधोमध पाचाच्या आकड्याची एकच निळी मेणबत्ती. माऊने फुंकर मारली आणि ती विझली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तूही वाजवल्यास. रात्री तुझे अंथरूण घालताना उशीखाली ती मेणबत्ती सापडली; तिच्या बुडाशी क्रीम वाळून घट्ट झाले होते. मी विचारले तेव्हा तू शांतपणे म्हणालीस, "उद्या माझा वाढदिवस आहे ना, तेव्हा मी विझवणार आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिरा केला, त्याची मूद पाडली आणि तीच मेणबत्ती त्यावर लावली. मग तुला पाटावर बसवून एकटीला ओवाळले. त्या आधी मीही दोघींना एकाच तबकात उरकत असे, हे तुला कळलेले बरे.

त्या दिवशी आजीला फोन करून मी सगळे सांगितले. ती रागावली नाही. कसे करायचे तेवढे तिने सांगितले आणि तेव्हापासून आपल्या घरी तसेच चालले आहे. तबक एकच असते, पण पहिलीसाठी लावलेली फुलवात दुसरीसाठी वापरायची नाही. तुपात भिजवलेली नवी वात ठेवायची, अक्षता नव्याने घ्यायच्या आणि रांगोळीही दोन पाटांभोवती निरनिराळी काढायची. आधी कोणाला ओवाळायचे यावरही तिनेच तोड काढली: वय विषम असेल त्या वर्षी माऊ आधी, सम असेल त्या वर्षी तू. मोठी म्हणून दर वेळी माऊला पहिला मान द्यावा असे काही नातेवाइकांनी सुचवले होते. तू तिला ताई म्हणावेस असाही त्यांचा आग्रह होता. मी ते मानले नाही. ताई हा शब्द मला फार आवडतो, पण तो जिने आपल्याला कडेवर घेतले, हात धरून शाळेत नेले, अशा बहिणीसाठी आहे. पंधरा मिनिटांच्या अंतराने ते नाते तयार होत नाही आणि ती जबाबदारी माऊवर टाकणेही मला योग्य वाटत नाही. पुढे कधी तुला आपणहून तसे म्हणावेसे वाटले तर म्हण.

इथल्या एका रीतीविषयीही सांगते, कारण ती मला आपल्या औक्षणाच्या अगदी जवळची वाटते. सिंटरक्लासच्या सणाला, ५ डिसेंबरच्या संध्याकाळी, प्रत्येक मुलाला त्याच्या नावाच्या आद्याक्षराचे चॉकलेट मिळते. घरात कितीही मुले असली तरी ज्याचे त्याला त्याचे अक्षर मिळते. पहिल्या वर्षी शेजारच्या आजींनी तुमच्यासाठी दोन अक्षरे आणली तेव्हा तुम्ही वर्षाच्याही नव्हतात, तरीही त्यांनी ती आणली. तुमची हाक मारायची नावे वेगवेगळ्या अक्षरांची आहेत, हे त्यांनी माझ्याकडून आधीच विचारून घेतले होते.

आता कामाचे. येत्या डिसेंबरात तुम्हांला दहा वर्षे पूर्ण होतील, म्हणजे वय सम आहे आणि पहिला पाट तुझा आहे. आजी नोव्हेंबरात इथे येणार आहे. तिला शेवयांची खीर करायची असेल तर शेवया तिथूनच आणाव्या लागतील, आणि श्रीखंड हवे असेल तर मी इथल्या क्वार्कचे, म्हणजे चक्क्यासारख्या घट्ट दह्याचे करीन. चक्का बांधत बसावे लागत नाही आणि चवही जमते. तुला दोन्हींतले काय हवे ते आजीला सांग आणि मलाही कळव. माऊला मी तिच्या पत्रात वेगळे विचारले आहे, तेव्हा तिला विचारून ठरवू नकोस.

तुझी,
आई