कपाटाची चावी आधी परत द्या

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातला केळी उत्पादक शेतकरी. मुलगा टीवायबीएस्सीला आहे, विषय फिजिक्स, मागच्या वर्षी ६४ टक्के. फेब्रुवारीत जळगावला निराधार मुलांच्या वसतिगृहासाठी निधी जमवायला गाण्याचा मोठा कार्यक्रम झाला. दहा-बारा हजार लोक होते. तिथे यानं फुकट फोटो काढले, वर पदरचे दीड हजार भाडं भरून लेन्स आणली. जूनमध्ये संस्थेनं सगळे फोटो मागितले, तर मुलांचे फोटो देणार नाही म्हणाला. फुकट काढले म्हणजे ते त्यांचेच झाले ना? कार्यकर्त्याचा मला फोन आला, मान खाली गेली. तेव्हापासून कॅमेरा कपाटात कुलपात आहे, चावी माझ्याकडे. पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला पाठवायचं ठरवलंय, तर हा म्हणतो फोटोग्राफर व्हायचंय. फोटू काढीसन पोट भरस का? मी सांगून टाकलं, हा नाद सोडला नाही तर माझं तोंड पाहायला मिळणार नाही. आता तो आमच्यासोबत जेवायलाही बसत नाही. त्याला कसं समजवावं?

उत्तर : आप्पा, मार्कांचं वाक्य वाचून मी पुढे गेलो आणि शेवटाकडे येऊन थांबलो. ‘माझं तोंड पाहायला मिळणार नाही.’ तुम्ही ते रागात बोलला असाल. पण वीस वर्षांच्या मुलाला ते कसं ऐकू आलं असेल? बाप घर सोडून जाईल, एवढंच? की त्याहून वाईट काही? आपल्याकडे कापसानं किंवा केळीनं दगा दिला की एखाद्या घरात काय घडतं, हे खानदेशातल्या मुलाला वेगळं सांगावं लागत नाही. त्याच्या मनात आता कॅमेरा आणि बापाचा जीव एकाच तराजूत आहेत. अशा मनानं तो ना परीक्षेचा अभ्यास करू शकेल, ना फोटो काढू शकेल. तुमच्यासमोर जेवायला बसणंही त्याला जड जातंय, हे तुम्हीच लिहिलं आहे.

म्हणून समजवायचं कसं हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. आज रात्री त्याला जवळ बसवा आणि सांगा, मी ते बोललो ते चुकलं. त्याच्या आईसमोर सांगा. करिअरचं बोलणं त्यानंतर, चार दिवसांनी केलं तरी चालेल. आणि तुमच्या स्वतःच्या मनात खरोखरच तसले विचार येत असतील, तर १४४१६ हा मानसिक आधारासाठीच्या ‘टेली मानस’ सेवेचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. फोन करा. यात कमीपणा नाही.

आता त्या फोटोंविषयी. त्यानं मुलांचे फोटो दिले नाहीत, म्हणून तुमची मान खाली गेली. मला विचाराल तर पूर्ण पत्रात तुमच्या मुलाची सगळ्यात चांगली ओळख तिथेच होते. निराधार मुलांच्या संस्थेत राहणारी मुलं म्हणजे कायद्याच्या भाषेत काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ सांगतं की अशा मुलाची ओळख पटेल असा फोटो, नाव किंवा पत्ता कोणत्याही माध्यमात प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या कार्यकर्त्याचा हेतू चांगलाच असेल. रडवेल्या मुलीचा चेहरा छापला की देणग्या वाढतात, असं पुष्कळांना वाटतं. पण ती मुलगी उद्या कॉलेजला जाईल, तिचं लग्न ठरेल, आणि तो फोटो कुणाच्या तरी मोबाइलवर असेलच. तुमच्या मुलाला कलमाचा आकडा माहीत होता की नाही, मला ठाऊक नाही. गोष्ट मात्र त्याला कळली होती.

त्याची चूक झाली ती वेगळीच. नुसतं ‘देणार नाही’ म्हणून तो थांबला. कारण दोन ओळींत लिहून द्यायला हवं होतं आणि सोबत मुलांचे पाठमोरे फोटो द्यायचे होते, स्टेजच्या उजेडासमोर नुसत्या आकृत्या दिसतात तसे. फिजिक्सच्या मुलाला ते अवघड नाही. हे अजूनही करता येईल.

‘फुकट काढले म्हणजे त्यांचेच झाले’ हा तुमचा समज नेमका उलटा आहे, आणि तो तुमच्या एकट्याचा नाही. स्टुडिओ चालवणारे अनुभवी लोकही हेच धरून चालतात. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम १७ नुसार, कुणी मोबदला देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाच्या फोटोंचा हक्क ज्यानं ऑर्डर दिली त्याच्याकडे जातो. पण मोबदला नसेल, आणि फोटोग्राफर त्या संस्थेच्या नोकरीतही नसेल, तर हक्क काढणाऱ्याकडेच राहतो, त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं. म्हणजे फेब्रुवारीतले ते फोटो आज कायद्यानं तुमच्या मुलाचे आहेत. हक्क आपल्याकडे ठेवून संस्थेला वापराची परवानगी तो देऊ शकतो, आणि ती त्यानं द्यावीच: कोणते फोटो, अहवालात की बॅनरवर, किती काळ, खाली नाव छापणार की नाही, हे सगळं एका कागदावर. जिथे हक्क काढणाऱ्याचा आहे, तिथेही मुलांच्या चेहऱ्यांना कलम ७४ लागूच राहतं. मालक आहे म्हणून तोही ते कुठे टाकू शकत नाही.

चांगल्या कामात कागद कशाला, असं आपल्याकडे लगेच म्हटलं जातं. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सतारवादक पंडित रविशंकर आणि ‘बीटल्स’ या बँडचे जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम केला. एका दिवसात दोन खेळ झाले आणि दोन्ही मिळून सुमारे चाळीस हजार लोक आले. तिकिटांचे जवळपास अडीच लाख डॉलर युनिसेफला गेले. पुढे ध्वनिमुद्रिकेतून आलेला पैसा मात्र अमेरिकेच्या कर खात्यात वर्षानुवर्षं अडकून पडला, कारण करमाफीचा अर्ज आधी केलेला नव्हता. जगातले एवढे मोठे कलावंत होते, हेतूवर कुणाची शंका नव्हती, तरी हे झालं.

तेव्हा आप्पा, फुकट काम केलं म्हणून मी त्याला बोल लावणार नाही. दीड हजार पदरचे घातले त्याबद्दल मात्र लावीन. अशा कार्यक्रमात साउंडवाला, मंडपवाला, जनरेटरवाला यांना सहसा पैसे मिळतातच. मेहनत दान करायची तर ती आपल्या मर्जीनं करावी, पण लेन्सचं भाडं, प्रवास आणि जेवण आयोजकांनी द्यायचं, हे आधी ठरवावं. रीतसर बिल करावं, त्यात कामाची पूर्ण किंमत लिहावी आणि खाली ‘देणगी म्हणून माफ’ असं लिहावं. किंमत कागदावर आली की पुढच्या वेळी बोलणी शून्यापासून सुरू होत नाहीत.

त्या रात्री त्यानं काय केलं असेल, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. म्हणून थोडं लिहितो. मोठ्या कार्यक्रमात स्टेज आणि बॅरिकेड यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत फोटोग्राफरना उभं करतात. अनेक ठिकाणी फोटो काढायला पहिली तीनच गाणी मिळतात आणि फ्लॅश चालत नाही. उजेड दर सेकंदाला बदलतो. लाल किंवा जांभळा एलईडी चेहऱ्यावर पडला की कातडीचा सगळा बारकावा त्या रंगात बुडतो. गायक हलत असतो, म्हणून शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाच्या आसपास ठेवावं लागतं. मग उजेड पुरत नाही, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, तीन-सहा हजारांवर न्यावा लागतो आणि फोटोत दाणा येतो, म्हणजे चित्र खरखरीत दिसतं. माइक तोंडासमोरून बाजूला होण्याची वाट पाहायची. शेजारी स्पीकरच्या भिंती असतात, कानात बोळे घातले नाहीत तर दोन दिवस कान वाजतात. आणि संस्थेचा फोटोग्राफर नुसता गायकाचा फोटो काढून सुटत नाही. देणगीदार, चेक देतानाचा क्षण, स्वयंसेवक, मागच्या रांगेतली गर्दी, सगळं टिपून मध्यरात्रीच्या आत निवडक फोटो वर्तमानपत्रांना पाठवायचे असतात, खाली प्रत्येकाचं नाव अचूक लिहून. याला नाद म्हणू नका. हे कष्टाचं काम आहे.

पोट भरतं का? निव्वळ गाण्याच्या कार्यक्रमांवर खानदेशात भरणार नाही, हे त्यालाही स्पष्ट सांगा, माझं नाव घेऊन सांगा. असे कार्यक्रम वर्षाला किती होतात? पोट भरतं लग्नसराईवर, आणि माझ्या मते त्याहून जास्त वस्तूंच्या फोटोंवर. जळगावचं सोनं खरेदी करायला लोक कुठून कुठून येतात. त्या दागिन्याचा फोटो काढणं फार अवघड, कारण चकाकत्या सोन्यात समोरचं सगळं दिसतं, कॅमेरा आणि काढणाऱ्याचा हातसुद्धा. उजेड कुठून आणायचा, कुठे अडवायचा आणि कुठून परतवायचा, हे ज्याला जमतं त्याला सराफ पुन्हा बोलावतो. ऑप्टिक्स, म्हणजे प्रकाशाचं शास्त्र, शिकलेल्या मुलानं इथे हात घालून पाहावा. आणि खानदेशात कुठे आहे फोटोग्राफी, असं वाटत असेल तर बापलेक मिळून एक दिवस चाळीसगावला जा. कलामहर्षी केकी मूस यांनी तिथल्या स्टेशनजवळच्या घरातून वर्षानुवर्षं जवळपास बाहेर न पडता टेबलटॉप फोटोग्राफी केली. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, उजेड असा द्यायचा की डोंगर आणि बर्फ उभा राहावा. १९८९ मध्ये ते गेले. त्यांचं घर आता संग्रहालय आहे.

रीतसर शिक्षणाचे रस्ते : पदवीनंतर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर कॅम्पसला फोटोग्राफी डिझाइनमध्ये एम. डेस. ही पदव्युत्तर पदवी, किंवा पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेत सिनेमॅटोग्राफी. दोन्हीकडे प्रवेश परीक्षा आहे. स्पर्धा परीक्षेचं वय कुठे पळून जात नाही. पण मनाविरुद्ध पाठवलेला मुलगा पुण्यात खोलीचं भाडं भरत तीन वर्षं घालवून येतो, अशी मुलं माझ्यासमोर दर वर्षी बसतात. तो पैसा वाचवा. पदवी मात्र त्यानं पूर्ण करावी, यात तडजोड नाही.

आणि ते कपाट. पावसाळा चालू आहे, दोन महिने कॅमेरा बंद आणि दमट जागेत आहे. अशा वेळी लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी धरते, जाळ्यासारखी, आणि ती एकदा खोल गेली की लेन्स दुरुस्तीला टाकूनही पूर्वीसारखी होत नाही. चावी त्याच्या हातात द्या. लेन्स उजेडासमोर धरून आत काही दिसतं का, ते त्याला पाहू द्या. हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवली तर तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई उघडेपर्यंत ती कामाची राहील.